चार चाकं आणि काळी माती

"चारही चाकं फिरून राह्यले, पण गाडी कुठं जाऊन राह्यली?" बाबांनी शेजारच्या सीटवरून विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर झालं असं... बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांना आर्णीजवळच्या आमच्या शेतापर्यंत चालवत नाही. म्हणून मी पुण्यात २०१० सालची ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान घेतली, सेकंडहँड. १९८० साली ऑडीने क्वाट्रो आणली, तेव्हापासूनच्या कहाण्या तोंडपाठ! नागपूर-तुळजापूर हायवेवर भर पावसात गाडी अशी चिकटून चालली की विचारू नका. म्हटलं, आता थेट धुऱ्यापर्यंत!

पण कपाशीची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. पकडच नसेल तर ताकद चारही चाकांना वाटून काय उपयोग? त्यात सेडानचं पोट टेकलं. शेवटी शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

त्यात एक टायर फाटला. मी तेवढाच नवा टाकला, आणि महिन्याभरात मागून घरघर सुरू! मेकॅनिक म्हणाला, चारही टायरची झीज सारखी हवी. नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही, क्लच सतत घसरतो आणि तापतो. शिवाय आधीच्या मालकाने त्याचं तेल कधी बदललंच नव्हतं. बिल? अर्धा पगार.

असो. गाडी विकली नाही. ती आता फाट्यावर उभी राहते. पुढे मी आणि बाबा बैलबंडीने जातो. तिला दोनच चाकं आहेत, पण अजून तरी फसलेली नाही!