पुजारी नसलेले देव

देव कधी संपतो? मूर्ती फुटली म्हणून तो संपत नाही, देऊळ पडले म्हणूनही संपत नाही. पण त्याची पूजा कशी करायची हे ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला, म्हणजे मग त्या देवाचे काय होत असेल? हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घर करून आहे. तो तेथे आला इतिहासाच्या तासाला. रोमन साम्राज्य शिकवताना सर सहज बोलून गेले, की रोमन लोक ब्रिटनमध्ये पोचले तेव्हा तेथल्या लोकांचे स्वतःचे देव होते. आणि मध्ये दीड हजार वर्षांचा खंड पडल्यावर आज तिकडची काही माणसे त्याच देवांची उपासना नव्याने करू लागली आहेत. वर्गात हशा पिकला. तास संपला, पण तो प्रश्न माझ्याबरोबर ग्रंथालयापर्यंत आला आणि तेथून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत.

या उपासनेला 'ब्रिथॉनिक' म्हणतात. प्राचीन ब्रिटनमध्ये जी भाषा बोलली जाई, तिच्या पोटी वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या भाषा जन्मल्या. ती भाषा बोलणाऱ्यांचे जे देव, ते ब्रिथॉनिक देव. एकच परमेश्वर मानणारी ती माणसे नव्हती. झऱ्याची देवी वेगळी, नदीची वेगळी, रोग बरे करणारा देव वेगळा. आपल्याकडच्या गावात वाढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

समजावून सांगावी लागते ती त्यांची अडचण. आपल्याकडे पोथी आहे, गुरव आहे, आरत्या आहेत. त्यांच्या हाती यातले काहीही उरले नाही. त्यांचे धर्मगुरू म्हणजे ड्रुइड. ज्यूलियस सीझरने लिहून ठेवले आहे, की हे लोक आपली विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानत. ती मुखोद्गत करायला काहींना वीस वर्षे लागत. इ. स. ६० च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सजवळच्या अँगल्सी बेटावर हल्ला करून ड्रुइडांची पवित्र वने तोडली, असे टॅसिटस हा इतिहासकार सांगतो. जे केवळ माणसांच्या स्मरणात होते, ते माणसांबरोबर गेले. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि उरलेसुरले देवही विस्मृतीत गेले.

मग आज कोणी सुरुवात करायची म्हटले, तर कशाच्या आधाराने? मी वाचत गेले तसे लक्षात आले, की आधार मुख्यतः तीन ठिकाणी आहे: दगडात, पाण्यात आणि गोष्टीत.

पाण्याचेच आधी सांगते. इंग्लंडमध्ये बाथ नावाचे शहर आहे. तेथे सुमारे ४६ अंश उष्णतेचा झरा दररोज अकरा लाख लिटरहून अधिक पाणी देतो. ती सुलिस देवीची जागा. रोमन लोकांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडले, पण तिचे मूळ नाव पुसले नाही. १७२७ साली गटाराचे खोदकाम करणाऱ्या मजुरांना तिचे सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे मस्तक सापडले. झऱ्यातून सुमारे १३० शिशाचे पातळ पत्रे निघाले. त्यांवर माणसांनी देवीला घातलेली गाऱ्हाणी कोरलेली आहेत. कोणाचे हातमोजे चोरीला गेले, कोणाचा झगा, कोणाचे पैसे. चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस, असे देवीला सांगितले आहे. डोसिमेडिस नावाच्या एका माणसाचे दोन हातमोजे गेले, एवढ्यासाठी त्याने चोराची अक्कल आणि डोळे मागितले! मोठे तत्त्वज्ञान त्यात काही नाही. पण दोन हातमोजे गमावण्याचे दुःख ज्याला होते, त्या माणसाचा देव मला फार जवळचा वाटला.

उत्तरेला हेड्रियनच्या तटबंदीलगत कोव्हेन्टिना नावाच्या जलदेवतेची विहीर आहे. १८७६ साली ती उपसली तेव्हा १३ हजारांहून अधिक नाणी निघाली, शिवाय कोरीव वेद्या. अँगल्सी बेटावर १९४२-४३ साली विमानतळाचे काम चालू असताना एका जुन्या तळ्याच्या चिखलातून तलवारी, रथांचे भाग आणि गुलामांना जखडण्याची एक लोखंडी साखळी वर आली. ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे हे कळण्याआधी कामगारांनी तिने चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या होत्या. आणि सेव्हर्न नदीवरच्या लिडनी येथे नोडेन्स या देवाचे स्थान होते. तेथे कुत्र्यांच्या छोट्या मूर्ती सापडल्या. त्या जागेचे उत्खनन १९२८-२९ साली मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी केले. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. आपल्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया विद्यार्थिदशेत त्यांच्याच हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननावर काम करीत होते. जग किती लहान आहे पाहा!

दगडांवर बहुधा चार अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ: 'नवस आनंदाने आणि योग्य कारणास्तव फेडला.' हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. नवस बोलणे आणि नवस फेडणे, यासाठी लॅटिनमध्ये चार अक्षरांचा ठरलेला संक्षेप असावा इतकी ती रोजची गोष्ट होती!

तिसरा आधार गोष्टींचा. मध्ययुगात वेल्श भाषेत 'माबिनोगी' नावाच्या कथा लिहिल्या गेल्या. लिहिणारे ख्रिस्ती होते, त्यामुळे त्यांत देव देव म्हणून येत नाहीत. राजे, राण्या, जादूगार म्हणून येतात. त्यांत र्‍हियानन आहे. तिच्या नावाचा मूळ अर्थ 'महाराणी' असावा असे विद्वान म्हणतात. ती पांढऱ्या घोड्यावरून अगदी संथ जात असते, पण घोडा चौखूर उधळला तरी कोणाला ती गाठता येत नाही. शेवटी पाठलाग करणारा राजा, थांब अशी विनंती करतो, आणि ती थांबते.

एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर ही माणसे निघतात. ती किती आहेत याची वेगळी गणना नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा लिहिला. त्या मोठ्या समूहातला हा एक छोटा प्रवाह. सुरुवात साधी असते. माबिनोगी वाचायची. जमेल तेवढी वेल्श शिकायची, कारण धर्माची वाट मोडली तरी भाषेची मोडलेली नाही. घराजवळ जी नदी वाहते तिचे जुने नाव शोधायचे, तिच्या काठी जायचे, थोडे दूध किंवा भाकरतुकडा ठेवायचा. घरात एका फळीवर दिवा लावायचा.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांच्यातल्या प्रामाणिक माणसांची एक शिस्त. ध्यानात काही दिसले, स्वप्नात देवाने काही सांगितले, तर ते स्पष्ट म्हणतात: हा माझा अनुभव आहे, याला पुरावा नाही. जुने ते जुने म्हणून सांगायचे, नवे ते नवे म्हणून. ही शिस्त तेथे ठेचा खाऊन आलेली आहे. अठराव्या शतकात योलो मोर्गानुग या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वेल्श कवीने ड्रुइडांची अखंड परंपरा आपल्यापर्यंत आली आहे असे भासवले, १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर सोहळाही केला. तो भाषेवर जीव टाकणारा माणूस होता. पण त्याच्या 'प्राचीन' हस्तलिखितांपैकी बरीचशी त्याची स्वतःची होती, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. परंपरा नसण्याचे दुःख इतके मोठे असते, की माणूस ती रचू लागतो.

याउलट उदाहरण कॉर्निश भाषेचे. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ बोलायची थांबली होती. १९०४ साली हेन्री जेनर यांनी तिचे एक छोटे मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यातून लोक शिकले, त्यांनी मुलांना शिकवले, आणि आज ती पुन्हा बोलली जाते. ही थेट आजीच्या तोंडून आलेली भाषा आहे असा दावा कोणी करीत नाही. तरीही ती भाषा आहे.

हे सारे मी का वाचत बसले, असे मैत्रिणी विचारतात. त्याचे कारण आमच्या विहिरीपाशी आहे. तेथे साती आसरांचे सात दगड आहेत. त्यांचे सगळे आजी करायची. कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने, कोणते शब्द पुटपुटून, ते तिलाच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आई मला म्हणाली, "तू आता कॉलेजात शिकतीस ना, मग बघ की तुझ्या पुस्तकात कुठं लिहिलंय का, आसरांचं कसं करायचं ते."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेशाचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारेही घरात कोणी नव्हते. त्यामुळे पुढे कोणी न चाललेल्या वाटेची मला थोडी सवय आहे. पण आईचा तो प्रश्न जड होता. आसरांविषयी पुस्तकांत माहिती मिळते. आमच्या विहिरीवर आजी काय म्हणत असे, ते मात्र कुठल्याही पुस्तकात नाही.

सुलिसची पूजा मी इकडे मांडावी असे मला वाटत नाही. ती त्या ऊन झऱ्याची आहे, तिला तेथेच भेटावे. पण तिच्या आजच्या भक्तांकडून मी रीत उचलली. आई आणि मी वही घेऊन बसलो. पानाच्या मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला आजी नक्की करायची ते लिहिले: हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या, दहीभात. शेजारच्या काकूंना आठवले तेही त्यांच्या नावासह लिहिले. उजवी बाजू आम्ही नव्याने करू त्यासाठी ठेवली. आजीचे शब्द आठवले नाहीत, तेव्हा आईने आपल्याच शब्दांत पाणी मागितले. ते उजव्या बाजूला लिहिले, तारीख घालून.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येक जण माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा देवावर विश्वास असो वा नसो, एक कोरी वही घेऊन जा. ज्यांना विचारायचे ती माणसे अजून ओट्यावर बसलेली असतील. त्यांच्याजवळ बसा आणि पानाची डावी बाजू आधी भरून घ्या. उजवी भरायला आपल्याला पुढे पुष्कळ वर्षे आहेत.