हेलिकॉप्टर राहिले, गुलमर्ग भेटले

थोरलीने दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे कशासाठी आहेत, हे आम्हांला डिसेंबर 2023 मध्ये कळले. रात्रीच्या जेवणानंतर तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्याशुभ्र डोंगरमाथ्यावर हेलिकॉप्टर टेकते, चारपाच माणसे वाकून उतरतात, हेलिकॉप्टर निघून जाते आणि ती माणसे कोणाचेही पाऊल न पडलेल्या बर्फावरून घसरत खाली येतात. "अब्बा, फक्त एक दिवस," ती म्हणाली.

मिरजेच्या मुलीला हा छंद कुठून लागला, असे वाचक विचारतील. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर तिने तिथे आधी बेसिक कोर्स केला, पुढच्या हिवाळ्यात इंटरमिजिएटही केला. तेव्हा आमच्या मोहल्ल्यात बरीच चर्चा झाली. मुलीच्या जातीने असले कपडे घालून बर्फात पडायचे म्हणजे काय, वगैरे. तिने फोटो दाखवल्यावर तोंडे बंद झाली. ढगळ जाकीट, ढगळ पँट, हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकापर्यंत ओढलेला गळपट्टा. सख्ख्या आईलाही ओळखता आली नव्हती.

तर हेलिकॉप्टर. आम्ही सरळ नाही म्हटले असते, पण पैसे तिचे होते आणि तिने विचारले होते. म्हणून आधी चौकशी करू, असे ठरले.

या प्रकाराला हेलिस्कीइंग म्हणतात. हान्स ग्मोझर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या गिर्यारोहकाने 1965 मध्ये कॅनडाच्या बुगाबू डोंगरांत त्याचा धंदा सुरू केला. दहा वर्षांनी त्याच देशात त्याचा स्वस्त भाऊ जन्मला. बर्फावर रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी गाडी माणसांना वर नेते. तिचे नाव स्नोकॅट, म्हणून हे कॅटस्कीइंग. गाडी सावकाश जाते, दिवसात फेऱ्या कमी होतात, पण ढग आले म्हणून ती थांबत नाही आणि दरही पुष्कळ कमी असतो. काश्मीरात हेलिकॉप्टर आणले ते सिल्वाँ सोदाँ या स्विस स्कीपटूने, 1980 च्या दशकाच्या अखेरीस. पुढे हालात बिघडले आणि काम हिमाचलात गेले. नंतर गुलमर्गलाही ते पुन्हा सुरू झाले.

आम्ही तीन ठिकाणी फोन केले. पहिल्यांकडे आठवड्याचेच पॅकेज होते, त्यामुळे विषय संपला. दुसऱ्यांचा एका दिवसाचा दर ऐकून आम्ही तो वहीत लिहिला आणि वही मिटली. आमच्या घरात महिन्याला येणारा सगळा पगार एका दिवसात संपला असता. शिवाय चार जणांचा गट पूर्ण झाला तरच हेलिकॉप्टर उडणार. हवा बिघडली आणि उड्डाण झाले नाही तर पैसे परत मिळतील का, यावर "ॲडजस्ट करू" एवढेच उत्तर. ज्यांच्या हाती आठवडा आहे, त्यांचे ॲडजस्ट होईल. आमची परतीची तिकिटे काढलेली होती. एका दिवसासाठी जाणाऱ्याने सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, हे आम्हांला त्या फोनने शिकवले.

तिसरा मात्र फार गोड बोलला. त्याच्याकडे हेलिकॉप्टर नव्हते. तो म्हणाला, गोंडोलाने वर जाऊ, दोरीच्या पलीकडे उतरू, हेलिकॉप्टरचाच बर्फ मिळेल, पैसे त्याच्या दहाव्या हिश्श्याने. बीकन द्याल का, असे थोरलीने विचारले. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधण्यासाठी अंगावर बांधायचे हे यंत्र असते. त्याबरोबर फावडे आणि बर्फात खुपसून बघायची लांब कांडी लागते. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर माणूस वाचण्याची आशा बरीच असते, पुढे ती झपाट्याने कमी होते. म्हणून हे सामान गाईडकडे असून भागत नाही, सोबतच्या प्रत्येकाकडे असावे लागते. तो हसून म्हणाला, "मॅडम, हम तो रोज जाते हैं, कुछ नहीं होता."

त्या उत्तरावर थोरलीनेच फोन ठेवला. पण त्याची कल्पना चांगली होती. शेवटी ज्या संस्थेत ती शिकली, तिथल्या एका उस्तादांनी टंगमर्गच्या एका वडीलधाऱ्या गाईडचा नंबर दिला. त्यांनी पैशांच्या आधी तिच्याबद्दल विचारले. किती दिवस शिकलीस, उतार किती तीव्र केला आहेस, पडल्यावर एकटी उठतेस का? मग त्यांची मजुरी, तिन्ही वस्तूंचे भाडे, रुंद स्कीचे भाडे असा हिशेब सांगितला. वर जाण्याचे गोंडोलाचे तिकीट दोन्ही टप्पे मिळून दोन हजारांच्या आत होते आणि ते ऑनलाइन काढावे लागते. सगळी बेरीज तिच्या साठवणीच्या निम्म्याहूनही कमी झाली.

आता गुलमर्गची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे तीन हजार मीटरच्या थोडे वर नेतो. हा 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा 2005 चा. तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरा खाली सोडतो. परदेशी स्कीवाले गुलमर्गला येतात ते याचसाठी. जिथे त्यांच्या देशात हेलिकॉप्टर लागते, तितक्या उंचीवर इथे रोप वे नेतो. वर पोहोचल्यावर समोरचा एक मोठा उतार स्की पेट्रोल रोज तपासून मगच उघडते. त्याच्या दोन्ही अंगांना दोरी आहे. दोरीपलीकडचा डोंगर कोणी तपासत नाही. तिथे जो जातो तो आपल्या जबाबदारीवर.

आम्ही फेब्रुवारी 2024 च्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचलो. त्या वर्षी काश्मिरी लोक हवालदिल झाले होते. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान हा थंडीचा मुख्य काळ, आणि तो जवळजवळ कोरडा गेला होता. जानेवारीत गुलमर्गची मैदाने तपकिरी पडली होती. जागोजागी दुआ मागितल्या गेल्या. मग महिनाअखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फ आला. टॅक्सीवाला वाटेभर अलहम्दुलिल्लाह म्हणत होता. आम्हांलाही वाटले, आपले नशीब चांगले.

गाईडचाचांना मात्र ते तसे वाटत नव्हते. पहिल्या संध्याकाळी हॉटेलात कहवा पिताना त्यांनी टेबलावर साखर पसरली आणि वर वही ठेवली. कोरड्या थंडीत जुना पातळ बर्फ आतल्या आत रवाळ होतो, त्याचे दाणे एकमेकांना धरत नाहीत, असे ते म्हणाले. त्यावर नवा जड थर पडला की तो असा बसतो. त्यांनी टेबलाची एक बाजू जराशी उचलली. वही घसरून थोरलीच्या मांडीवर पडली. "तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हेच होतं. बर्फ कमी पडलेला हिवाळा जास्त सांभाळायचा, बेटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजू करून थोरलीने चामडी मोजे चढवले. मुसाफिराला तीन दिवस तीन रात्री मोज्यांवर मसह करण्याची सवलत आहे, तिची किंमत गुलमर्गच्या पाण्यात हात घातल्यावर कळते. स्कीचे बूट मात्र इतके ताठ की नमाजीसाठी ते काढावेच लागतात, आणि ते काढणे-घालणे हेच अर्ध्या तासाचे काम आहे.

चाचांनी तिला लगेच वर नेले नाही. तासभर खालच्या टप्प्यावर तिच्याकडून वळणे करवून घेतली, एकदा मुद्दाम झाडांत नेले. आम्ही कोंगडोरीला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद होता. आजूबाजूचे पर्यटक चिडले होते, काही जण तिकीट खिडकीवर आवाज चढवत होते. जून 2017 मध्ये इथेच जोराच्या वाऱ्यात झाड पडून केबिन कोसळली होती आणि सात जणांचा जीव गेला होता. ते आठवून आम्ही गप्प बसलो.

साडेअकराला वारा पडला, टप्पा उघडला. चाचा तिला घेऊन वर गेले. तपासलेल्या उतारावरून ती उतरली तेव्हा आधी एक ठिपका दिसला, मग निळे जाकीट, मग तिचा हसण्याचा आवाज. ती येऊन आमच्यासमोर थांबली आणि पहिले वाक्य बोलली, "आता दोरीच्या पलीकडे."

चाचा म्हणाले, "नाही."

तिने पुष्कळ समजावले. समोर सहा-सात जणांचा एक गट दोरी ओलांडून जाताना दिसत होता. त्यांच्यातल्या कोणाच्याही पाठीवर फावडे नव्हते. थोडा वेळ तर आम्हीही डळमळलो. एवढे पैसे खर्च केले, एवढ्या लांबून आलो, मुलीचा चेहरा पडलेला. चाचांनी वाद घातला नाही. आदल्या दिवशी वर जाऊन बर्फात खड्डा खणला होता, त्याचा फोटो त्यांनी दाखवला. वर पाट्यासारखा घट्ट थर, खाली साखर. "मी पैसे परत देतो, पण तिकडे नेणार नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "जंगलातून बाबारेशीला उतरवतो. तो उतार मंद आहे."

थोरली गाल फुगवून तयार झाली. जोहरची दोन रकात कसर कोंगडोरीलाच पढली, अम्मीने बांधून दिलेली पोळी-भाजी खाल्ली आणि ती दोघे देवदार-पाइनच्या जंगलात दिसेनाशी झाली.

आम्ही गोंडोलाने खाली आलो आणि चाकांना साखळ्या बांधलेली सुमो करून बाबारेशीकडे निघालो. इथे बाबा पयामुद्दीन रेशी यांची ज़ियारत आहे. सुलतान जैनुल आबिदीन यांच्या काळातले हे बुजुर्ग, दरबार सोडून या जंगलात येऊन राहिले. लाकडी कोरीवकामाची ती जुनी इमारत आम्ही धड पाहिली नाही. दोन वाजता येतो म्हटले होते. अडीच वाजले. तीन वाजले. फोनला रेंज नाही. ड्रायव्हर समोर येऊन काहीबाही विचारत होता, आम्ही हूं हूं करत होतो. आम्ही आयतल कुर्सी किती वेळा पढलो, ते मोजले नाही.

सव्वातीनला झाडांतून दोन माणसे चालत आली, स्की खांद्यावर घेऊन. शेवटच्या भागात बर्फ इतका पातळ झाला होता की दगड लागू लागले, म्हणून चालत यावे लागले होते. थोरली घामाने निथळली होती. फुगलेले गाल कुठे गेले होते कोण जाणे. झाडांमधून एकामागून एक वळणे, कुठेही कोणाची खूण नाही, एका ठिकाणी कोल्ह्याची पावले, बर्फ गुडघ्यापर्यंत आणि आवाज फक्त आपल्याच श्वासाचा. ती बोलत राहिली. एका घरातून नमकीन चहा आला, गुलाबी, खारट. आम्हांला तो आवडला असे म्हणवत नाही, पण त्या दिवशी दोन-दोन कप प्यालो. असरची अजान झाली.

संध्याकाळी हॉटेलात ती दोरीपलीकडची मंडळी शेजारच्या टेबलावर होती. सगळे सुखरूप, हसत-खिदळत फोटो दाखवत होते. बर्फाचे असे ढग आम्ही कधी पाहिले नव्हते. थोरली तिकडे बघत होती, मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बघा, त्यांना काही झालं नाही." आमच्याकडे उत्तर नव्हते.

आम्ही मिरजेला परतल्यावर गुलमर्गला पुन्हा जोराचा बर्फ झाला. 22 फेब्रुवारीला दुपारी बातमी आली. खिलनमर्गला हिमस्खलन, परदेशी स्कीवाल्यांचा गट सापडला, एका रशियन तरुणाचा मृत्यू. थोरलीने बातमी वाचली आणि फोन आमच्या हातात दिला, काही बोलली नाही. त्याच अफरवटच्या उतारांवर 2010 मध्ये लष्कराचे सतरा जवान आणि 2023 मध्ये दोन पोलिश स्कीवाले गेले होते, हे आम्हांला तेव्हा शोधल्यावर कळले.

रात्री चाचांना फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा त्यांनी उचलला. ते घरीच होते, दोन दिवसांपासून कोणालाही वर नेले नव्हते, रोजी बुडाली होती. रमजान जवळ आला आहे, घरात खर्च आहे, ते म्हणाले, पण तक्रारीचा सूर नव्हता. मग त्यांनी विचारले, बेटीचे रुंद स्कीचे बूट डाव्या पायाला चावत होते, ते बरे झाले का? पुढच्या वर्षी येणार असाल तर एक नंबर मोठे काढून ठेवतो.

थोरलीने उरलेले पैसे अजून मोडलेले नाहीत.