गप्प कनेक्शनं

सर्व्हर मधूनच कनेक्शन तोडतो अशी तक्रार आली, की मी आधी विचारतो : किती वेळ शांत राहिल्यावर? सतत वापरात असलेलं कनेक्शन टिकतं, पण जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली क्वेरी अडकते, असं कळलं की तपासाला दिशा मिळते. अशा वेळी रीस्टार्टची घाई मला मुळीच मान्य नाही. तक्रार तेवढ्यापुरती मिटते, पुरावा मात्र कायमचा पुसला जातो.

टीसीपी कनेक्शन म्हणजे दोन्ही टोकांनी आपापल्या मेमरीत ठेवलेली नोंद. बोलणं नसेल तेव्हा मधून काहीच जात नाही. वाटेतला फायरवॉल किंवा नॅट स्वतःची वेगळी नोंद ठेवतो आणि हालचाल दिसली नाही की ती काढून टाकतो. ॲमेझॉनच्या नॅट गेटवेवर ही मुदत 350 सेकंदांची आहे. शांत कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा लिनक्सचा कीपअलाइव्ह मात्र मूळ सेटिंगमध्ये 7200 सेकंद गप्प राहतो. ही दोन तासांची मर्यादा 1989 च्या आरएफसी 1122 मधली, आणि तिच्यामागे विचार होता : नेटवर्क क्षणभर डळमळलं म्हणून धडधाकट कनेक्शन तुटू नये. 2008 च्या आरएफसी 5382 ने तर नॅटने अशी नोंद किमान दोन तास चार मिनिटं जपावी असं बजावलं. ते पाळलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पॅकेटं टिपणारा टीसीपीडम्प मी नेहमी दोन्ही टोकांना एकाच वेळी लावतो. एकीकडून निघालेलं पॅकेट दुसरीकडे पोचलंच नसेल, तर दोष वाटेत आहे. कधी कनेक्शन तोडणारं ‘रीसेट’ पॅकेट येतं आणि सगळे सर्व्हरवर खापर फोडतात. तेव्हा मी त्या पॅकेटचा टीटीएल बघतो. प्रत्येक राउटर हा आकडा एकाने कमी करतो. सर्व्हरची बाकीची पॅकेटं 57 ने येत असतील आणि रीसेट 62 ने, तर तो बहुधा मधल्याच कुणीतरी सर्व्हरच्या नावाने पाठवलेला असतो. आकड्यातला तो फरक दिसला, की निर्दोष माणसाची सुटका झाल्यासारखा आनंद मला आजही होतो.

वाटेतलं यंत्र काहीच न कळवता पॅकेटं गिळत असेल, तर हाल जास्त. लिनक्स तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि हार मानायला त्याला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात.

उपाय छोटा आहे : कीपअलाइव्हची वेळ वाटेतल्या मुदतीपेक्षा कमी करायची. पण प्रोग्रॅमने सॉकेटवर तो पर्याय चालूच केला नसेल, तर कर्नलचा आकडा बदलून काही होत नाही. म्हणून बदलानंतर ‘एसएस’ कमांडने प्रत्येक कनेक्शनचा टायमर चालू आहे का, ते बघायलाच हवं.