मॉरिस्टाउनची वाटाडी कुत्री

न्यूयॉर्कहून आगगाडीने पश्चिमेकडे निघाले की तासा-सव्वा तासात मॉरिस्टाउन येते. गाव टुमदार आहे. १७७९-८० च्या कडाक्याच्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेचा तळ येथे होता, म्हणून अमेरिकन माणसाला त्याचे फार कौतुक. मी मात्र तेथे गेलो तो कुत्री पाहायला! "काका, त्यासाठी अमेरिका कशाला हवी? दादरला काय कमी आहेत?" असे आमच्या पुतण्याने म्हणूनही घेतले.

पण येथली कुत्री आंधळ्यांना वाट दाखवतात. मॉरिस फ्रँक नावाचा टेनेसीचा एक अंध तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला जाऊन 'बडी' नावाची शिकवलेली कुत्री घेऊन परतला आणि पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. आज चालू असलेल्या अशा संस्थांत ही जगातली सर्वांत जुनी. गावच्या मध्यावरील हिरवळीवर फ्रँक आणि बडी यांचा पुतळा आहे.

त्या हिरवळीशेजारच्या बाकावर एक वयस्क अंध गृहस्थ भेटले. पायाशी काळा लॅब्रॅडॉर. बोलता बोलता मनात घोळणारा प्रश्न मी विचारून टाकला. कुत्रा वाट दाखवील हो, पण वाटेत त्यालाच परसाकडे लागली तर?

(दिवाळीच्या फराळाबरोबर हे कसले बोलणे, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. ज्यांच्या घरी तान्हे मूल वाढले आहे ते म्हणणार नाहीत.)

गृहस्थ खळखळून हसले. म्हणाले, "डोळस माणसं हा प्रश्न मनात ठेवतात. तुम्ही विचारलात, बरं केलंत."

सारी मेख वेळापत्रकात आहे. खाणे ठरल्या वेळी, पाणी ठरल्या वेळी आणि बाहेर नेणेही ठरल्या वेळी. कामाला निघण्यापूर्वी हा विधी उरकूनच घ्यायचा. कुत्र्याच्या पाठीवर कातडी पट्ट्यांचा साज असतो, त्याला मूठ असते. साज चढला की नोकरी सुरू. तेव्हा झाड हुंगायचे नाही, खांबाशी रेंगाळायचे नाही. साज उतरवला की सुट्टी! मग मालक जागच्या जागी उभा राहतो आणि कुत्रा दोरीच्या लांबीने त्याच्याभोवती फेऱ्या घालतो. सोबत एक ठरलेला शब्द. इंग्लंडात 'बिझी, बिझी' म्हणतात. आपल्या आया बाळाला धरून 'शूऽऽ' करतात, त्यातलाच हा प्रकार.

"पण तो काय करतो आहे, हे तुम्हाला कळतं कसं?"

"हातानं. दोरी थांबली की पाठीवरून हात फिरवायचा. पाठ सरळ असली तर धाकटं काम. कमान झाली असली तर थोरलं."

थोरले असले तर जागा चुकू नये म्हणून पाऊल तेथेच रोवायचे. हातात पिशवी उलटी, मोज्यासारखी चढवायची, चाचपून सगळे उचलायचे, पिशवी सुलटी करून गाठ मारायची. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले, की आमच्याकडे भल्या पहाटे अल्सेशियन फिरवणारे आणि ऐन वेळी आकाशाकडे पाहत राहणारे काही डोळस सज्जन मला आठवले.

वाटेत अवेळी गरज पडलीच तर कुत्र्याची चाल मंदावते, तो कडेला ओढू लागतो. साजाच्या मुठीतून ते मालकाच्या तळहाताला कळते. लगेच कडेला व्हायचे आणि साज काढायचा. विमानप्रवासात मोठी पंचाईत होत असे. पण अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांच्या प्रत्येक टर्मिनलमध्ये यासाठी जागा हवीच, असा नियम २०१६ पासून लागू आहे.

न्यूयॉर्क राज्याचा १९७८ चा कायदा मोठ्या शहरांतल्या कुत्रेवाल्यांना घाण उचलायला लावतो. वाटाड्या कुत्र्यांच्या मालकांना त्यातून सूट आहे. मी तसे म्हणताच गृहस्थांचा आवाज जरा बदलला.

"सूट आहे, ठाऊक आहे मला. पण माझा कुत्रा दुकानात, हॉटेलात, आगगाडीत माझ्याबरोबर येतो. एकदा घाण टाकून गेलो तर पुढच्या आंधळ्याला दारातच अडवतील. शिवाय माझ्यामागून दुसऱ्यानं उचलायचं, तर मी एकटा हिंडतो असं कुठल्या तोंडानं म्हणू?"

एवढे बोलून ते उठले. साज चढला तसा तो काळा लॅब्रॅडॉर एकदम पोक्त दिसू लागला. मी सवयीने त्याच्या डोक्याकडे हात नेला. "अं हं, आता तो कामावर आहे," गृहस्थ म्हणाले. त्यांना कसे कळले, कोण जाणे! 'फॉरवर्ड' म्हणताच दोघे रस्त्याकडे चालू लागले.