हुकूम कुणाचा होता?

‘रणरागिणींवर लिहा, पण सोपं लिहा,’ असा संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात मराठवाड्यातल्या सोनारी गावच्या एका मुलीचा प्रश्न घोळत होता. 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या व्याख्यानाला मी तिथं गेले होते. सकाळी काळभैरवनाथाचं दर्शन घेऊन येताना मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली दिसल्या. चुन्याच्या रेघेशी पाय रोवायचा, चार किलोचा गोळा मानेला टेकवायचा आणि फेकायचा. एकीच्या मानेवर चुना नि घाम मिसळून पांढरा पट्टा उमटला होता.

दुपारी मी आझाद हिंद सेनेतल्या स्त्रियांच्या राणी झाशी रेजिमेंटवर बोलले. भाषण संपल्यावर तीच मुलगी उठली. “मॅडम, त्यांच्यात साहेब कोण होतं? बाईच, का वर गडीमाणूस?”

मी ‘कॅप्टन लक्ष्मी’ एवढं सांगून पुढं गेले. सैनिकी इतिहास हा ज्याचा विषय, त्यानं असं उत्तर देऊन सुटू नये. म्हणून हा लेख.

12 जुलै 1943 रोजी सिंगापुरात वीस स्त्रियांनी सुभाषबाबूंना मानवंदना दिली. हातात .303 रायफली होत्या, वजन जवळपास त्या गोळ्याएवढंच, चार किलोच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये रेजिमेंटची छावणी सुरू झाली. दाखल झालेल्या पुष्कळशा मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या. सुरुवातीला शिकवणारे पुरुषच होते. कवायत, संगीन, ब्रेनगन, हातबॉम्ब, पाठीवर ओझं घेऊन लांबची पायपीट, असं शिक्षण चाललं. त्यांतून निवडलेल्या मुलींना अधिकारी म्हणून तयार केलं गेलं.

इथं थोडं तांत्रिक सांगावंच लागतं. पायदळात साधारण दहा जणांचं एक सेक्शन आणि तीन सेक्शनची एक प्लाटून. सेक्शनचा प्रमुख स्वतः पुढं राहून आपल्या माणसांना लढवतो. प्लाटूनच्या अधिकाऱ्याला नकाशा वाचावा लागतो, पहारे लावावे लागतात, पाणी आणि काडतुसं कुठवर पुरतील ते बघावं लागतं, आणि थांबायचं की निघायचं हे ठरवावं लागतं. चुकलं तर जाब त्यालाच. म्हणजे अधिकारीपण नेमबाजीत नसतं, निर्णयात असतं. त्या मुलीनं नेमकं हेच विचारलं होतं.

सेनेचे सर्वोच्च सेनापती सुभाषबाबू. रेजिमेंटची सूत्रं मात्र डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे होती. आझाद हिंद सरकारात त्या मंत्रीही होत्या. पुढं त्या कर्नलच्या हुद्द्यावर गेल्या, तरी लोकांच्या तोंडी ‘कॅप्टन’च राहिलं. त्यांचा हुद्दा नीट लक्षात ठेवण्याचीही तसदी आपण घेतली नाही.

आता माझा जुना वाद. ‘ही रेजिमेंट प्रत्यक्ष आघाडीवर लढलीच नाही, मग कसली फौज?’ हे मी परिसंवादांत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर देताना आवाज चढतो. 1944 मध्ये तुकड्या ब्रह्मदेशात मेम्योपर्यंत गेल्या. इंफाळची मोहीम कोसळली आणि पुढं जायची वाटच संपली. पण एप्रिल 1945 मधली रंगूनहून माघार बघा. डोक्यावर शत्रूची विमानं, म्हणून रात्री चालायचं आणि दिवसा झाडीत दडायचं. या मुलींची जबाबदारी रेजिमेंटच्याच अधिकारी जानकी थेवरवर होती, वय जेमतेम विशीचं. चढाईत उत्साहच माणसाला ओढून नेतो. पराभवात रांग मोडू न देणं हे अधिकाऱ्याचं खरं काम, आणि ते तिनं केलं. माघारीला लढाई न मानणाऱ्यांना लष्कर कळत नाही, असंच मी म्हणेन.

आणि आपल्याकडे? सोनारी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पलीकडची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. निजामाच्याच राज्यातल्या तेलंगणात मल्लू स्वराज्यम विशीच्या आत सशस्त्र दलमची, म्हणजे तुकडीची, कमांडर झाली. तिला पकडून देणाऱ्याला दहा हजारांचं इनाम होतं. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेषात घोड्यावरून फिरल्या, त्यांनी हातबॉम्ब टाकले. त्यांना आपण ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ म्हणतो. गौरव मोठा आहे, पण त्यानं हुद्द्याचा प्रश्न मिटत नाही. ‘रणरागिणी’ या शब्दाशी माझं भांडण इथंच आहे. त्यात संताप दिसतो, हिंमत दिसते. डोकं दिसत नाही.

दोष माझाही आहे. मुक्तिसंग्रामावरच्या माझ्या सुरुवातीच्या मुलाखतींत निजामाच्या सरहद्दीवरच्या म्हाताऱ्या बायकांना मी ‘तुम्ही काय सोसलं?’ असं विचारलं. त्यांनी भाकरी, चिठ्ठ्या, लपवलेली काडतुसं सांगितली. कुणाला घरात घ्यायचं, चिठ्ठी कुठल्या वाटेनं धाडायची, धाड पडणार म्हणून रातोरात कुणाला हलवायचं, ‘हे ठरवलं कुणी?’ असं मी विचारलंच नाही. त्या बायका आता नाहीत. माझ्या टेपांवर त्यांचं सोसणं आहे, त्यांचे निर्णय नाहीत.

मुक्तिसंग्रामात, 1948 साली, पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेलीय. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ बसा आणि मी चुकवलेला प्रश्न विचारा. सोनारीच्या मुलीला मी पत्र लिहिलंय. पहिली ओळ अशी: होय, बाईच साहेब होती, आणि आपल्या भागात अशा किती होत्या, ते शोधायचं राहिलंय.