लाल मणी

चंद्रपुराहून मूलमार्गे पुढे गेले की गडचिरोलीचे अरण्य लागते. तेथील वस्त्यांत न्युमोनिया तान्ह्या बाळांचा घास घेत असे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ मध्ये तेथे कार्यास लागले. निरक्षर सुइणींना त्यांनी बाळाचे श्वास मोजण्यास शिकविले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवावयाचा. घटिकायंत्रातील मिनिटभराची वाळू सरण्यापूर्वीच लाल मणी सरकला, तर न्युमोनिया समजून औषध द्यावयाचे. पुढे गावच्याच स्त्रिया आरोग्यदूत होऊन घरोघर नवजात अर्भकांची शुश्रूषा करू लागल्या. त्या ३९ गावांत नवजात अर्भकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला कळले. समुद्रापार मिळविलेली विद्या झोपडीतील सुइणीच्या बोटांत उतरली, तेव्हाच ती सार्थकी लागली.