परसात केवढं काय चाललंय!

फुलझाडं आणि पाखरं, दोन्हींची मला काहीच माहिती नव्हती. पुण्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून साताऱ्याच्या बैठ्या घरात राहायला आले, तेव्हा घराबरोबर परसही मिळालं. जास्वंद, कढीपत्ता, प्राजक्त आणि कुंपणालगत शेवगा. झाडांना पाणी घालायचं नि फुलं बघायची, एवढीच माझी बागेची कल्पना. प्रत्यक्षात पहिल्या सकाळीच भांबावले. चारी बाजूंनी आवाज येत होते, दिसत मात्र कुणीच नव्हतं. कुठे बघावं तेच कळेना.

शेजारच्या काकूंनी वाट दाखवली. "अगं, सगळं एकदम बघायला जाऊ नकोस. एक झाड धर नि तिथंच बस." मी जास्वंद धरली.

जास्वंदीवर उन्हात जांभळा चमकणारा एक इवलासा काळा पक्षी यायचा. सोबत पिवळसर पोटाची मादी. काकूंनी नाव सांगितलं, शिंजीर. पावसाळा सरला तसा काळा पक्षी गायब झाला आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला पिवळसर पक्षी दिसू लागला. हा तिसरा कोण? तर तोच नर! विणीचा हंगाम संपला की चमकदार पिसं गळून तो जवळजवळ मादीसारखा दिसतो, रेघ तेवढी उरते.

त्याच्या खाण्याचीही गंमत. बरेचदा तो फुलाच्या तोंडाशी जातच नाही. देठाजवळ, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसून मध पितो आणि परागकणांना न शिवता निघून जातो. घरटं तर त्याहून अचंब्याचं. मादी कोळ्याचं जाळं चोचीत धरून नेताना दिसली. वाळकी पानं, गवत, सालीचे तुकडे त्या धाग्यांनी बांधून ती फांदीला लोंबतं घरटं करते, त्याच्या दारावर छोटासा छज्जाही काढते. बांधकाम तिचं एकटीचं. पिलांना भरवायला मात्र दोघंही असतात आणि चोचीत असतात कोळी नि किडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: शिंजीर फुलांसाठी येतो, पण त्याचा संसार कोळ्या-किड्यांवर उभा राहतो.

मग बाकीचं परसही उलगडू लागलं. शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक दिसलं. दिवसभर टुक्‌ टुक्‌ करणाऱ्या तांबटाचं ते घर. कढीपत्त्याच्या पानावर पाखराची शीट पडलीय असं वाटावं, तर ती फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की तीच हिरवीगार होऊन पानात लपते.

प्राजक्त अंधार पडल्यावर फुलतो, म्हणून रात्रीही परसात बसू लागले आणि वर बघणं आपोआप आलं. चांदण्यांच्या गर्दीतही पुन्हा तोच गोंधळ. तिथंही काकूंचाच उपाय कामी आला. डिसेंबरात पूर्वेला मृग धरला. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एका ओळीत. ती ओळ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका. एक खूण पक्की झाली नि आभाळ ओळखीचं झालं.

तुम्हालाही अशी सुरुवात करायची असेल, तर नोव्हेंबर गाठा. ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. त्यांच्या स्मरणाचा हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. नवख्या माणसाला सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. एक झाड धरा. मातीच्या परळात रोज ताजं पाणी ठेवा. कुणाच्या अंगावर पडायची भीती नसेल, तर एखादी वाळकी फांदी राहू द्या. कोपऱ्यातलं जाळं झाडू नका आणि कीटकनाशकाचा फवारा तर मुळीच मारू नका. त्या किड्यांवरच पाखरांची पिलं वाढतात.